आधी बोट आणि टाचणी, मग यंत्र : वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता,
महाराष्ट्रातील सर्व शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालये

विषय : ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या तपासणीबाबत

महोदय/महोदया,

स. न. वि. वि.

ईएमजी-एनसीव्हीच्या, म्हणजे स्नायूंतले विजेचे संकेत आणि मज्जातंतूंचा वेग मोजण्याच्या, खोलीत येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्या हातापायांच्या असतात. बोटांना मुंग्या येणारी शिंपीण, पाऊल उचलता न येणारा मधुमेही, इंजेक्शननंतर मनगट लुळे पडलेले मूल, असे हे रुग्ण. या चिठ्ठ्यांत अधूनमधून एक वेगळी चिठ्ठी येते आणि तिच्यावर एका ओळीत 'पेल्व्हिक फ्लोअर ईएमजी करावे' किंवा 'प्युडेंडल नर्व्ह स्टडी' असे लिहिलेले असते. पेल्व्हिक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, आणि प्युडेंडल हा त्यांच्याकडे जाणारा मुख्य मज्जातंतू. रुग्ण कधी बाळंतपणापासून वारा आणि संडास न आवरणारी बाई असते, कधी कंबरेची गादी सरकल्यावर लघवी तुंबलेला हमाल असतो, तर कधी काहीच कारण सापडत नाही म्हणून तीन विभाग फिरून आलेली विशी-पंचविशीतली मुलगी. केसपेपर उघडून पाहावा, तर गुदद्वाराच्या तपासणीच्या जागी 'पीआर : एनएडी' (बोटाने तपासले, दोष नाही) एवढेच लिहिलेले आढळते किंवा ती जागा कोरीच असते. मग आवळण्याची ताकद किती, टाचणी कोणत्या बाजूला कळते, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सारे प्रश्न चिठ्ठीसोबत आमच्याकडे ढकलले जातात.

मी यंत्राच्या विरोधात लिहीत नाही, कारण माझी नोकरीच त्या यंत्रासमोर गेली आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की मेंदूपासून या स्नायूंपर्यंत येणाऱ्या मज्जातंतूंच्या मार्गाची बरीचशी तपासणी हातमोजा घातलेले बोट, टाचणी, कापूस आणि दहा मिनिटे एवढ्या साहित्यावर होते. ती आपल्या वॉर्डांत आणि ओपीडीत जबाबदारीने होत नाही. आणि ती न करता मागवलेला ईएमजीचा अहवाल रुग्णाच्या उपयोगी पडण्याऐवजी अनेकदा त्याची दिशाभूल करतो. नवे यंत्र घ्यावे का, कोणते घ्यावे, असे माझ्यासारखीला विचारले जाते, तेव्हा या गोष्टी तोंडी सांगितल्या जातात आणि विरून जातात, म्हणून त्या लिहून ठेवते आहे.

हा मार्ग लांबचा आहे. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांच्या एकमेकांकडे तोंड केलेल्या आतल्या बाजूंवर, पायाच्या हालचालींच्या क्षेत्राला लागूनच, या स्नायूंचे क्षेत्र आहे. म्हणून तेथे वाढणारी गाठ पायातले बळ आणि लघवीवरचा ताबा दोन्ही एकदम घालवू शकते. तेथून निघालेली आज्ञा मज्जारज्जूच्या अगदी तळाशी, त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाच्या, दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंच्या पातळीवर असलेल्या एका लहान पेशीपुंजापर्यंत येते. ओनुफ्रोविच यांनी १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि आज तो त्यांच्याच 'ओनुफ' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. हा पुंज इतर चालक पेशींपेक्षा निराळा वागतो. एएलएस या चालक पेशींच्या आजारात हातापायांच्या आणि गिळण्याच्या स्नायूंच्या पेशी एकामागून एक मरत असताना तो बराचसा शाबूत राहतो, तर पार्किन्सनसारख्या दिसणाऱ्या मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीत तोच झिजतो. या पुंजातून निघणारे तंतू प्युडेंडल मज्जातंतूतून ओटीपोटाबाहेर पडतात, इस्चियल स्पाइन या हाडाच्या टोकाला वळसा घालतात आणि अल्कॉकच्या बोगद्यातून गुदद्वार व मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूंकडे जातात. बाळाचे डोके कुठवर उतरले हे प्रसूतितज्ज्ञ ज्या टोकावरून मोजतात, आणि चिमटा लावण्याआधी बधिर करण्याचे इंजेक्शन ज्याच्या आधाराने देतात, तेच हे टोक. म्हणजे या मज्जातंतूची खरी ओळख प्रसूतिगृहात रोज होते. फक्त त्याच्या कामाची चौकशी तेथे क्वचितच होते.

आणखी एक बाब सांगते, कारण अहवालात तिचा विसर वारंवार पडतो. गुदद्वार वर उचलून धरणाऱ्या लिव्हेटर स्नायूला त्रिकास्थीच्या मुळांपासून वरच्या बाजूने थेट येणाऱ्या शाखाही मिळतात, तेव्हा केवळ प्युडेंडलची चाचणी करून 'ओटीपोटाच्या तळाचा मज्जातंतूपुरवठा प्राकृत' असे लिहिता येत नाही. मूत्राशयाचा स्नायू आणि गुदद्वाराचा आतला स्फिंक्टर (वाट आवळून धरणारा गोल स्नायू) हे तर स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेवाचून काम करणाऱ्या, तंतूंवर चालतात आणि आमच्या नेहमीच्या ईएमजीच्या कक्षेबाहेर राहतात. लघवी तुंबलेल्या रुग्णाचा ईएमजी चांगला आला म्हणून त्याच्या मूत्राशयाच्या मज्जातंतूंना धक्का लागलेला नाही, असा निष्कर्ष काढणारे डिस्चार्ज कार्ड माझ्या पाहण्यात आले आहे.

पहिला मुद्दा मणक्याच्या दुखापतीचा घेते, कारण येथे बोटाची तपासणी हा शिष्टाचाराचा भाग नसून निदानाचा पाया आहे. इमारतीवरून पडलेला किंवा दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण दोन्ही पाय लुळे होऊन येतो, तेव्हा त्याची इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणानुसार त्रिकास्थीच्या शेवटच्या, म्हणजे चौथ्या-पाचव्या पातळीवरून ठरते. गुदद्वाराची कातडी आणि आतली श्लेष्मल त्वचा जेथे मिळतात, तेथून एक सेंटिमीटरच्या आत टाचणी व कापसाचा स्पर्श कळतो का, बोटाने आत दिलेला दाब जाणवतो का आणि सांगितल्यावर रुग्ण बोट आवळू शकतो का, एवढेच प्रश्न आहेत. यांतल्या एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर इजा अपूर्ण ठरते, आणि अपूर्ण इजा सुधारण्याची शक्यता पूर्ण इजेपेक्षा पुष्कळ अधिक असते. पाय हलत नाहीत एवढ्यावर 'कंप्लीट पॅराप्लेजिया' लिहिले गेले की पुढची शस्त्रक्रिया, नातेवाईकांशी बोलणे, पुनर्वसनाचा विचार हे सारे त्या एका शब्दाच्या मागे जाते. ही तपासणी पहिल्या दिवशी एकदा करून भागत नाही. मज्जारज्जूच्या धक्क्याचा काळ सरला की नाही हे या पातळीवरच्या प्रतिक्षिप्त क्रिया परत येण्यावरून कळते, तेव्हा ती पुढच्या दिवसांत पुन्हा करावी लागते.

दुसरा मुद्दा सरकलेल्या गादीचा. कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांपैकी एखादी मोठ्या प्रमाणात मागे सरकून मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब देते, त्याला आपण कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतो. खोगिरावर बसल्यावर जो भाग टेकतो तेवढ्या भागाची बधिरता, लघवीची बदललेली जाणीव आणि दोन्ही पायांत उतरणारी कळ ही त्याची चाहूल असते. येथे मज्जातंतू वाचवायचे असतील तर घड्याळाकडे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये २०२३ साली ठरवलेल्या राष्ट्रीय कार्यपद्धतीत संशय आल्यावर एमआरआय लवकरात लवकर, आणि मागणी केल्यापासून चार तासांच्या आत, व्हावा असे म्हटले आहे. आपल्याकडे तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून महाविद्यालयाला येण्यातच त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, हे मला ठाऊक आहे. पण म्हणूनच वॉर्डात पोचल्यावरचा वेळ वाया जाता कामा नये. गुदद्वाराचा नुसता 'टोन' बोटाने अजमावून दिलेले मत अनुभवी हातांतही बरेच चुकते, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नये. दोन्ही बाजूंची टाचणी तपासावी, आवळण्याची ताकद पाहावी आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली हे सोनोग्राफीवर मोजावे. ती २०० मिलिलिटरच्या वर असेल तर संशय बळावतो. कमी असली तरी लक्षणे बोलकी असल्यास एमआरआय टाळू नये.

अशा रुग्णाला त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ईएमजीसाठी पाठवणे ही माझ्या मते या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. मज्जातंतू तुटल्यानंतर स्नायूत सुईला दिसणारी लक्षणे उमटायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. त्याआधी केलेला ईएमजी चांगला दिसू शकतो, आणि तो चांगला दिसला म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते. ईएमजीचे काम नंतरचे आहे : महिने उलटल्यावरही लघवी आवरत नसेल, तर किती तंतू गेले, किती परत जोडले जात आहेत आणि दोष मज्जातंतूंच्या मुळांत आहे की त्याहून वर, हे सांगण्याचे.

आता तपासणी कशी करावी याबद्दल थोडे, कारण ती केली असे लिहूनही ती झालेली नसते, याचे एक कारण भाषेत आहे. 'स्क्वीझ' म्हटल्यावर विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या आजीबाईंना काय करायचे ते कळत नाही, आणि 'जोर लावा' म्हटले की त्या कुंथतात, म्हणजे नेमके उलटे करतात. नोंद मात्र 'आवळण्याची ताकद नाही' अशी होते. 'चारचौघांत बसला आहात, वारा सरायला लागलाय, तो अडवून धरा' असे सांगितले की बहुतेकांना लगेच जमते. योगासने करणाऱ्यांना मूलबंध म्हटले तरी पुरते. त्यानंतर खोकायला सांगावे. निरोगी माणसात खोकल्याबरोबर स्फिंक्टर आपोआप आवळला जातो आणि बोटाला ते जाणवते. सांगून आवळता येत नाही पण खोकल्याने आवळले जाते, असा फरक दिसला तर खालचा मार्ग चालू असून अडचण वर आहे, किंवा रुग्णाला आपले म्हणणे समजलेलेच नाही, हे दोन्ही विचार मनात यायला हवेत. शेवटी गुदद्वाराजवळची कातडी टाचणीने हलकेच टोचून ती आक्रसते का ते पाहावे, आणि आवश्यक तेथे बल्बोकॅव्हर्नोसस रिफ्लेक्स (बीसीआर), म्हणजे जननेंद्रिय दाबल्यावर गुदद्वार आपोआप आवळले जाते का, ते तपासावे.

या शेवटच्या प्रतिक्षिप्त क्रियेबद्दल सावधगिरीची एक सूचना आहे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्लेव्हस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ती हाताने तपासल्यावर निरोगी पुरुषांपैकी ९८ टक्क्यांत, पण निरोगी स्त्रियांपैकी ८१ टक्क्यांतच आढळली होती. म्हणजे कोणताही आजार नसलेल्या पाचांपैकी जवळजवळ एका स्त्रीत ती बोटाला लागणार नाही. बाईच्या केसपेपरवर 'बीसीआर अनुपस्थित' एवढे लिहून तिला मणक्याच्या आजाराची भीती घालणे म्हणूनच अन्यायाचे आहे. येथे यंत्र मदतीला येते. विजेच्या झटक्याने हीच क्रिया नोंदवता येते, सर्वसाधारणपणे ३० ते ४० मिलिसेकंदांत स्नायूचे उत्तर येते, आणि हाताला न लागलेली क्रिया पडद्यावर स्पष्ट दिसू शकते. यंत्राला असा नेमका प्रश्न विचारला की ते नेमके उत्तर देते.

पण आपल्याकडे विचारला जाणारा प्रश्न बहुधा 'प्युडेंडल लेटन्सी (झटक्यानंतर स्नायूच्या उत्तराला लागणारा वेळ) किती' असा असतो, आणि या तपासणीचा इतिहास मी मुद्दाम विस्ताराने सांगते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात पार्क्स, स्वॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत असे दाखवून दिले की शौचावर ताबा न राहिलेल्या आणि वरवर कारण न सापडणाऱ्या अनेक रुग्णांत स्फिंक्टरचा मज्जातंतूपुरवठा बिघडलेला असतो. तेथेच हातमोज्याच्या तर्जनीवर चिकटवायचा एक इलेक्ट्रोड तयार झाला. बोटाच्या टोकाशी झटका देणारे अग्र, बोटाच्या मुळाशी नोंद घेणारे अग्र. बोट गुदाशयात घालून इस्चियल स्पाइनजवळ झटका द्यायचा आणि स्फिंक्टर आवळायला किती वेळ लागतो ते मोजायचे. तो वेळ सुमारे २ मिलिसेकंद येतो. त्याहून स्पष्टपणे जास्त आला तर मज्जातंतू दुखावला आहे, असा निष्कर्ष. तंत्र सोपे, आकडा एकच आणि रुग्णाला सुई नाही, त्यामुळे ही चाचणी जगभर पसरली.

तिच्यात दोष असा की ती मज्जातंतूत उरलेल्या सर्वांत वेगवान तंतूंचा वेग मोजते. निम्मे-अधिक तंतू मेले आणि थोडे वेगवान तंतू वाचले, तर आकडा प्राकृतच येतो आणि रुग्ण मात्र कपडे खराब होतील या भीतीने घराबाहेर पडत नाही. तपासणाऱ्याचे बोट किती आत गेले, हाडाच्या टोकाच्या किती जवळ पोचले, यावरही आकडा हलतो. शस्त्रक्रियेचा उपयोग होईल की नाही हे या आकड्यावरून सांगण्याचे प्रयत्नही टिकले नाहीत. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने १९९९ मध्येच शौच न आवरण्याच्या तक्रारीसाठी या चाचणीची शिफारस करता येत नाही असे सांगितले. गुदाशयाच्या कार्याच्या तपासण्यांसाठी २०२० मध्ये मांडले गेलेले आंतरराष्ट्रीय वर्गीकरण दाब, संवेदना आणि फुगा बाहेर टाकण्याची क्षमता यांवर उभे आहे. मज्जातंतूच्या या वेळमापनाला त्यात स्थान नाही. तेव्हा एखाद्या विक्रेत्याने यंत्रासोबत 'पेल्व्हिक फ्लोअर पॅकेज' म्हणून हा इलेक्ट्रोड पुढे केला, तर खरेदी समितीने तो कोणत्या रुग्णासाठी, कोणता निर्णय घेण्यासाठी, असे दोन प्रश्न विचारावेत.

बाळंतपणानंतरच्या स्त्रिया हा या तपासण्यांचा सर्वांत मोठा गट आहे आणि त्यांच्या बाबतीत हे प्रश्न अधिकच महत्त्वाचे ठरतात. बाळाचे डोके बाहेर येताना मज्जातंतूंवर येणारा ताण संगणकी प्रतिकृतीत मोजला गेला, तेव्हा गुदद्वाराच्या स्फिंक्टरकडे जाणारी प्युडेंडलची शाखा सुमारे ३५ टक्क्यांनी ताणली जाते असे दिसले. मँचेस्टरमधील ॲलन आणि सहकाऱ्यांच्या १९९० मधील अभ्यासात योनीमार्गे पहिले बाळंतपण झालेल्या स्त्रियांपैकी ८० टक्क्यांत स्नायूंना नव्याने तंतू जोडले जात असल्याच्या खुणा ईएमजीवर आढळल्या. हा आकडा ऐकून घाबरायला होते, पण त्यातल्या बहुसंख्य स्त्रियांना शौचाची कोणतीही तक्रार नव्हती. शरीर स्वतःची डागडुजी करत असल्याची ती खूण होती. म्हणूनच बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत केलेल्या ईएमजीत काही 'सापडणे' म्हणजे आजार सापडणे नव्हे.

त्यानंतर १९९३ मध्ये सुलतान आणि सहकाऱ्यांनी गुदद्वाराच्या आतून सोनोग्राफी करून दाखवले की पहिल्यांदा योनीमार्गे बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांत स्फिंक्टर स्नायूच फाटलेला असतो आणि बाहेरून तो दिसत नाही. दहा वर्षे मज्जातंतूकडे रोखलेले बोट एका अभ्यासाने स्नायूकडे वळले. माझ्या शाखेला यातून जे घ्यायचे ते असे की फाटलेला स्नायू शिवता येतो, आणि मज्जातंतूचा दोष आहे असे लिहून दिले की शिवण्याचा विचारच मागे पडतो. 'नसा ताणल्या आहेत, आता काही होणार नाही' हे वाक्य बाळंतिणीला ऐकवण्याआधी तिची गुदद्वाराची सोनोग्राफी झाली आहे का, आणि प्रसूतीच्या टेबलावरच टाके घालण्यापूर्वी गुदद्वारात बोट घालून फाटल्याची खातरजमा कोणी केली होती का, हे पाहायला हवे. दोन्ही गोष्टी आपल्या प्रसूती विभागांच्या आवाक्यात आहेत. सहा आठवड्यांच्या भेटीत बाळाच्या वजनाची आणि लसींची चौकशी होते. 'वारा आवरतो का, संडासला घाई झाली की थांबता येते का' हे दोन प्रश्न कोणी विचारले नाहीत तर बाई आपणहून कधीच सांगणार नाही. सासरी तर नाहीच.

सुईच्या ईएमजीचे काम या साऱ्यानंतर सुरू होते आणि ते अवघड आहे. हातापायाचा स्नायू सैल सोडला की सुई शांत होते. गुदद्वाराचा बाह्य स्फिंक्टर मात्र झोपेतही पूर्ण शांत होत नाही, हे फ्लॉइड आणि वॉल्स यांनी १९५३ मध्येच दाखवले होते. त्या सततच्या आवाजातून आजाराचे बारीक संकेत वेगळे काढायला कान तयार व्हावा लागतो, आणि मोजणीच्या पद्धती सर्वत्र सारख्या असाव्या लागतात. स्लोव्हेनियातील लुब्लियाना येथे पोदनार आणि वोदुशेक यांनी अशी प्रमाणित पद्धत आणि तिचे संदर्भ-आकडे तयार केले. नव्याने विभाग उभारणाऱ्याने ती पद्धत आधी शिकावी. मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीचा संशय असलेल्या रुग्णात ही तपासणी मोलाची आहे, पण अनेक बाळंतपणे झालेल्या बाईत किंवा पार्किन्सन कित्येक वर्षे असलेल्या रुग्णात असेच बदल दिसू शकतात, तेव्हा इतिहास न विचारता लिहिलेला अहवाल घातक ठरतो.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या तरुण मुलीकडे येते. लघवी पूर्ण तुंबलेली, एमआरआय चांगला, मूत्राशयात लिटरभर साचूनही घाई नाही, आणि केसपेपरवर मानसोपचार विभागाचा संदर्भ. १९८० च्या दशकात क्लेअर फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांच्या मूत्रमार्गाच्या स्फिंक्टरमध्ये सुई घालून ऐकले, तेव्हा स्नायू सैलच होत नसल्याचा, व्हेल माशांच्या गाण्यासारखा चढ-उताराचा विचित्र आवाज त्यांना मिळाला. तोवर यांतल्या अनेकींना हिस्टेरिया ठरवले जात होते. त्रिकास्थीच्या तिसऱ्या मुळाला विजेचे सौम्य स्पंदन देणाऱ्या उपचाराने यांपैकी बऱ्याच जणी पुन्हा लघवी करू लागतात. तो उपचार महाग आहे आणि शासकीय योजनांतून तो सर्वांना मिळेल असे मी म्हणत नाही, परंतु निदान तरी मिळावे. आजार खरा आहे हे कळल्यावर दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालायला मुली तयार होतात. 'तुझ्या मनात आहे' असे ऐकून कोणी तयार होत नाही.

शस्त्रक्रियेच्या खोलीतही या मार्गाची तपासणी उपयोगी आहे, हे थोडक्यात नोंदवते. जन्मजात ताणलेला मज्जारज्जू सोडवताना किंवा त्या भागातली गाठ काढताना कोणता धागा कापायचा आणि कोणता राखायचा, हे स्फिंक्टरमध्ये नोंदीचे अग्र ठेवून जागच्या जागी कळू शकते. बालशस्त्रक्रिया आणि मेंदूशस्त्रक्रिया दोन्ही विभाग असलेल्या महाविद्यालयांत यंत्राच्या खर्चाचे सर्वांत सबळ समर्थन हेच आहे, आणि मागणीपत्रांत ते मला क्वचितच आढळते.

आता ज्या गोष्टीवर हे सगळे अडते तिच्याविषयी. ही तपासणी शरीराच्या अशा भागाची आहे की तिच्यासाठी रुग्णाला लाज गिळावी लागते, आणि आपल्या वॉर्डांत त्या लाजेची फारशी पत्रास ठेवली जात नाही. अर्धवट ओढलेला पडदा, पलंगाभोवती सात-आठ विद्यार्थी, 'कूस बदला, गुडघे पोटाशी घ्या' एवढीच सूचना आणि मग बोट. पुरुष डॉक्टर असताना सिस्टर किंवा वॉर्डातल्या मावशी शेजारी असायला हव्यात, हा नियम सर्वांना माहीत आहे. मावशी मात्र त्या वेळी औषधे आणायला गेलेल्या असतात. काय करणार आहोत, का करणार आहोत, दुखेल का आणि नको असेल तर नाही म्हणता येईल, ही चार वाक्ये मराठीत बोलायला एक मिनिट लागते. लैंगिक अत्याचाराचा अनुभव असलेली स्त्री या तपासणीत अकस्मात गोठून जाऊ शकते. तेव्हा हट्ट न धरता थांबायचे असते, हे इंटर्नला कोणीतरी सांगायला हवे. संमतीविना, रुग्ण भुलीखाली असताना, शिकवण्यासाठी म्हणून अशी तपासणी करणे हे तर कोणत्याही सबबीखाली चालू नये. तपासणी न करता 'एनएडी' लिहिणारे सगळेच आळशी नसतात. अनेकांना ती सन्मानाने कशी करावी हे शिकवलेलेच नसते, म्हणून ते टाळतात.

म्हणून माझ्या मागण्या यंत्रापासून सुरू होत नाहीत. अस्थिरोग, शल्य, स्त्रीरोग-प्रसूती आणि मेडिसिन या विभागांच्या केसपेपरवर एक छोटी छापील चौकट असावी. तिच्यात दोन्ही बाजूंची टाचणी, आत दिलेल्या दाबाची जाणीव, आवळण्याची ताकद, खोकल्यावरचा प्रतिसाद आणि उरलेली लघवी यांची नोंद व्हावी, आणि 'तपासणी केली नाही, कारण...' अशी एक ओळ असावी, म्हणजे न केलेली तपासणी केली म्हणून लिहिण्याची गरज कोणाला पडणार नाही. विद्यार्थ्यांनी पहिला हात प्रतिकृतीवर बसवावा, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या होकारानंतरच रुग्णावर.

सुईचे ईएमजी प्रत्येक महाविद्यालयात नको. राज्याच्या सहा महसुली विभागांत प्रत्येकी एका महाविद्यालयात ते असावे. तेथे प्रशिक्षित डॉक्टर आणि महिला तंत्रज्ञ यांची पदे मंजूर असावीत, बंद होणाऱ्या दाराची खोली असावी, आणि एकदाच वापरायच्या सुयांची तरतूद यंत्राच्या किमतीतच वर्षानुवर्षांसाठी बांधलेली असावी. लाखोंचे यंत्र येते आणि सुया संपल्यावर मागणीपत्र टेबलाटेबलांवर फिरत राहते, हा अनुभव आपल्यापैकी कोणालाच नवा नसेल. इतर महाविद्यालयांतून तेथे पाठवायच्या चिठ्ठीसोबत वरची चौकट भरलेली असलीच पाहिजे. ती नसेल तर तातडीची स्थिती वगळता चिठ्ठी परत करण्याचा अधिकार त्या केंद्राला द्यावा.

चौकटीचा मराठी-इंग्रजी मसुदा आणि रुग्णाला वाचून दाखवायची संमतीची चार वाक्ये मी तयार केली आहेत. ज्या महाविद्यालयाला हवी असतील त्यांना ती विनामूल्य मिळतील, आणि आपल्या स्त्रीरोग व अस्थिरोग विभागांनी त्यांत सुधारणा सुचवाव्यात अशी विनंती आहे, कारण ती भरायची त्यांना आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे केसपेपर छापायला जाण्यापूर्वी यावर निर्णय झाला तर छपाईचा वेगळा खर्चही येणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
ईएमजी विभागात काम करणारी एक डॉक्टर